गोदावरीचा उगम आणि आपली पोरे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीक विम्यावर झाले, विजेवर झाले. आता आम्हाला बोलायचे आहे ते पोरांच्या एका सहलीवर. मागच्या रांगेत कुणीतरी हसले. हसू द्या. पण ही सहल गेली होती गोदावरीच्या उगमाला. आणि ज्याची जमीन वर्षभर आभाळाकडे तोंड करून पडलेली असते, त्याच्या पोराला नदी कुठून येते हे नीट कळणे, हा भावाच्या प्रश्नाइतकाच पोटाचा प्रश्न आहे. तेवढे तुम्हाला पटले की आमचे काम झाले.

आमची गावे परभणी जिल्ह्यातली. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. सोमवतीला बाया गंगेवर जातात, घरात कुणी गेले तर अस्थी गंगेत सोडतात. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो तो २०८ किलोमीटर लांब, तोही आमच्या जिल्ह्यात येतो. पण आमची शिवारे कालव्याच्या वरच्या अंगाला. पाणी काही चढावर चढत नाही. म्हणजे गंगा आमची, कालवा डोळ्यांपुढे, आणि रान कोरडे. कापूस, तूर, ज्वारी, आणि बाकीचे सगळे मृगाच्या हवाली.

आमच्या शाळेत एका पोरीने मास्तरांना विचारले, "सर, गंगा जिथून निघते तिथल्या लोकांना पाण्याची काहीच कमी नसेल ना?" मास्तरांनी तो प्रश्न गावात आणला. पारावर चर्चा झाली. कुणी म्हणाले, तिथे पाणीच पाणी असणार. कुणी म्हणाले, जाऊन बघा. शेवटी वर्गणी निघाली आणि मे महिन्यात, नांगरट उरकल्यावर, तेवीस पोरे, दोन मास्तर, चार आया आणि आम्ही काही कार्यकर्ते असे निघालो. परभणीहून रेल्वेने मनमाडमार्गे नाशिकरोड, आणि तिथून एसटीने त्र्यंबक.

त्र्यंबकला उतरल्यावर पोरांचा पहिला प्रश्न, "नदी कुठंय?" नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले काळ्या दगडाचे देऊळ दिसले. कुशावर्त दिसले, तिथे अंघोळीची गर्दी दिसली. नदी मात्र दिसेना. गावात ती बऱ्याच ठिकाणी काँक्रीटच्या स्लॅबखाली गेली आहे. वरून माणसे चालतात, खालून गंगा वाहते. एक पोरगा म्हणाला, "आपल्या गावातल्या ओढ्यासारखंच झालंय की." खरे आहे. आपल्याही गावोगावी ओढा नकाशावर आहे, जागेवर कुणाची तरी भिंत आहे.

मग ब्रह्मगिरी चढलो. शेकडो पायऱ्या, वर ऊन, बाजूला माकडे, आणि पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या आदिवासी बाया. अर्ध्या डोंगरावर गंगाद्वार आहे. तिथे दगडातून पाणी झिरपते आणि गोमुखातून पडते. मे महिन्यातली ती धार करंगळीएवढी. पोरे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. "एवढीच?" नांदेडच्या पुलावरून पावसाळ्यातली गंगा पाहिलेली पोरे ती. त्यांना वाटले होते की डोंगर फोडून पाण्याचा लोंढा बाहेर येत असेल.

मास्तर हुशार. त्यांनी तिथेच पोरांना खाली बसवले आणि हिशेब घातला. गोदावरी इथून निघून आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत १,४६५ किलोमीटर चालते. तिच्या खोऱ्याचा पसारा ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरांच्या वर. या करंगळीएवढ्या धारेने एवढी नदी भरेल का? पोरे म्हणाली, नाही. मग ती कशाने भरते? कुणी म्हणाले, पावसाने. कुणी म्हणाले, दुसऱ्या नद्यांनी. त्या दुसऱ्या नद्या कशाने भरतात? ओढ्यांनी. ओढे कशाने? तेव्हा एक लहानगे म्हणाले, "आमच्या वावरातल्या पाण्याने."

भावांनो, आम्हाला या भाषणात जे सांगायचे आहे ते त्या लेकराने एका वाक्यात सांगून टाकले. गोमुख हे नदीच्या सगळ्यात लांब धाग्याचे टोक आहे. तिथे हात जोडावेत, त्यात काही वावगे नाही. पण नदीचा खरा उगम म्हणजे जिथे जिथे पाऊस पडतो आणि उताराने तिच्याकडे निघतो ती सगळी जमीन. त्यात ब्रह्मगिरी आहे, तसे आपले कापसाचे वावरही आहे. पूर्णा असो, दुधना असो, मांजरा असो, आपल्या धुऱ्यावरून निघालेले पाणी शेवटी गंगेतच जाते. विदर्भातली वर्धा, पैनगंगा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती गोदावरीची सगळ्यात मोठी उपनदी आहे. म्हणजे यवतमाळचा कापूसवालाही गोदावरीच्या उगमावरच बसलेला आहे. त्याला हे कुणी सांगितलेले नाही, एवढेच.

आता गंगाद्वाराची गोष्ट ऐका. पुराणात सांगतात की मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा गौतम ऋषीने इथे पाणी मिळवले, भात पिकवला आणि दुष्काळात आलेल्या लोकांना खाऊ घातले. पुढे त्याच्या पिकात एक गाय घुसली. तिला हुसकायला त्याने दर्भाची काडी फेकली आणि गाय मेली. ते पाप धुवायला त्याने गंगा आणवली, म्हणून गोदावरीला गौतमी म्हणतात. ही गोष्ट एका बाईने पोरांना सांगितली, तर पोरे खदखदून हसली. रात्र रात्र माळ्यावर बसून रोही आणि रानडुकरे हाकणारी पोरे ती! एक पोरगी म्हणाली, "म्हणजे गौतम ऋषी शेतकरीच होता. पीक राखलं आणि वर पापही त्याच्याच माथी." पुराण खरे की खोटे हा वाद आम्हाला घालायचा नाही. पण दुष्काळात जगाला खाऊ घालणाराच शेवटी गुन्हेगार ठरतो, हे त्या पोरीला पुस्तकाशिवाय कळले.

गंगाद्वाराहून आणखी वर, डोंगराच्या माथ्यावर गेलो. तिथे मास्तरांनी पोरांना पाणलोट म्हणजे काय ते दाखवले. बाटलीतले थोडे पाणी कड्याच्या एका अंगाला ओतले, थोडे दुसऱ्या अंगाला. पूर्वेच्या अंगाने जे उतरते ते गोदावरीचे. ते नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री करत पार बंगालच्या उपसागराला जाते. अरबी समुद्र इथून जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून निघते. आणि पश्चिमेच्या अंगाने? याच डोंगररांगेत वैतरणा निघते. तिच्यावर १९५७ साली मोडकसागर झाले, २०१४ साली मध्य वैतरणा झाले, आणि ते पाणी मुंबईच्या नळाला जाते. एकच ढग, एकच डोंगर. या अंगाला थेंब पडला तर मुंबईच्या नळाला, त्या अंगाला पडला तर आमच्या दिशेने निघतो आणि वाटेत कुठे कुठे अडतो.

मुंबईकर आपला वैरी नाही. त्यालाही तहान आहे. पण त्याच्या तहानेसाठी डोंगर ओलांडून, शंभर किलोमीटरवरून नळ आणता येतात. आमच्या तहानेचा विषय निघाला की साहेब लोक म्हणतात, भौगोलिक परिस्थिती प्रतिकूल आहे. पोरांनी हा फरक डोंगरावर उभे राहून पाहिला. आता त्यांना तो कुणी पुसून टाकू शकत नाही.

पण त्या दिवशी सगळ्यात मोठा धडा डोंगरावर मिळाला नाही, डोंगराखाली मिळाला. त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या तिप्पट. पोरीचा प्रश्न आठवा: तिथल्या लोकांना पाण्याची कमी नसेल ना? आम्ही जवळच्या एका आदिवासी पाड्यावर गेलो. बायापोरी डोक्यावर हंडे घेऊन चढण चढत होत्या. विहिरीच्या तळाशी वाटीने भरावे एवढे पाणी. त्र्यंबक तालुक्यात उन्हाळ्यात पाड्या-पाड्यांवर हीच कथा असते. पावसाळ्यात छपरावरून धो धो वाहते, आणि होळी झाली की हंडा घेऊन मैल मैल चालायचे.

असे का? कारण खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर, आणि उतार असा की पाणी थांबायला जागाच नाही. धरणे बांधली ती खालच्यांसाठी. उगमावर राहणाऱ्याच्या घरी उगमाचे पाणी राहत नाही. आमच्यातल्या एका आईने त्या पाड्यावरच्या बाईला विचारले, "बाई, तुमच्याकडे एवढा पाऊस, मग असं कसं?" ती म्हणाली, "पाऊस येतो न् जातो. आमच्याकडे राहत नाही." आमच्या बाया गप्प झाल्या. हे तर आपलेच बोलणे. कापूस येतो न् जातो. पैसा येतो न् जातो. आपल्याकडे राहत नाही.

शेतकरी भावांनो, पाणी किती पडते हा अर्धा प्रश्न आहे. ते कुठे थांबते आणि कुणासाठी थांबते, हा पुरा प्रश्न आहे. तीन हजार मिलिमीटरवाला तहानलेला आणि आठशे मिलिमीटरवालाही तहानलेला, तर दोष नुसत्या आभाळाला देऊन चालणार नाही.

परतताना एसटीने छत्रपती संभाजीनगर, आणि तिथून पैठण. नाथसागर पोरांना दाखवायचाच होता. या धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. पूर्ण भरले तर सुमारे १०२ टीएमसी पाणी, त्यातले वापरता येण्याजोगे सुमारे ७६ टीएमसी. धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर. म्हणजे या धरणापुरता उगम केवढा? करंगळीएवढा नव्हे, २१,७५० चौरस किलोमीटरांचा. आणि त्यातला घाटमाथ्याचा जोरदार पावसाचा पट्टा अगदी चिंचोळा. नाशिक शहरापर्यंत येता येता पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो. त्या पट्ट्याच्या तोंडाशी इंग्रजांनी १९१६ साली दारणा आणि १९२६ साली भंडारदरा बांधले. पुढे गंगापूर, मुळा आणि इतर धरणे झाली. तुटीच्या वर्षी वरची धरणे भरतात आणि पैठण रिकामे राहते.

इथून भांडण सुरू होते. वर नाशिक-अहिल्यानगरचा शेतकरी, खाली मराठवाड्याचा शेतकरी. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट सारखी वाटून घ्यावी, हे तत्त्व त्यात आले. २०१३ साली मेंढेगिरी समितीने पाणी किती आणि केव्हा सोडायचे याचे कोष्टक दिले. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटप उचलून धरले. तरीही तुटीचे साल आले की कोर्ट-कचेऱ्या, मोर्चे, रास्ता रोको. २०२३ साली ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हाही तेच झाले.

कायद्याने आमचा जो वाटा आहे तो आम्ही मागणारच. त्यात भीड नाही. पण पोरांना आम्ही एक गोष्ट बजावून सांगितली: वरचा शेतकरी आपला दुश्मन नाही. त्याचा आजा-पणजा दारण्याच्या कालव्यावर वाढला. पाणी एकदम तोडले तर त्याचीही बाग वाळते. आणि सरकार त्याच्याशी तरी कसे वागते? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उघडली नाही. मार बसला नाशिकच्या कांदावाल्याला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले, ऐन वेचणीच्या तोंडावर. मार बसला आपल्याला. पाण्यासाठी आम्हा दोघांना एकमेकांच्या अंगावर सोडायचे आणि भावात दोघांनाही बुडवायचे, हा खेळ आहे. आणि याच राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पाण्याच्या रांगेत कारखान्यांना शेतीच्या पुढे बसवले होते, हे विसरू नका. ओरड झाली तेव्हा कुठे २०११ साली शेतीला पुढचा नंबर परत मिळाला. धरणाच्या वरचा आणि खालचा, दोघेही शेतकरी तेव्हा मागेच ढकलले गेले होते.

आता आपल्या वावराकडे येऊ. उद्या समजा जायकवाडीत हक्काचे सगळे पाणी आले, तरी आमचे शिवार कालव्याच्या वर ते वरच. महाराष्ट्रातली पाचातली चार एकर जमीन आजही कोरडवाहू आहे. त्या चार एकरवाल्याने काय करायचे? नाथसागराच्या काठावर बसून पोरांनी दुसरा हिशेब केला. तो तुम्हीही करा, पाटीवर करा.

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर चार हजार लिटर पाणी होते. बऱ्या वर्षी आमच्याकडे आठशे मिलिमीटर पडतो. म्हणजे एकरी ३२ लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका एकरावर ३२० टँकर. दुष्काळात निम्माच पडला तरी १६० टँकर. उन्हाळ्यात गावात एक टँकर आला तर आपण त्याच्यामागे हंडे घेऊन धावतो, आणि पावसाळ्यात आपल्याच धुऱ्यावरून शेकडो टँकर निघून जातात, वर आपली माती घेऊन जातात.

हे पाणी मावायचे कुठे? तर मीटरभर खोल भारी काळ्या जमिनीत पिकाच्या कामी येणारी दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल मावते. रब्बी ज्वारी कशावर येते? पेरल्यावर एक पाऊस न पडताही दाणा भरतो, तो या साठवलेल्या ओलीवर. दीडशे धरली तरी एकरी सहा लाख लिटर. आता गंमत बघा. चौदा-पंधरा लाख हेक्टर भारी जमिनीने दीडशे मिलिमीटर ओल धरली, तर तेवढ्यात जायकवाडीचा सगळा वापरायचा साठा मावतो. मराठवाड्याचे क्षेत्र आहे ६४ लाख हेक्टरांच्या वर. म्हणजे आपले सगळ्यात मोठे धरण कुणी बांधलेले नाही, ते आपल्या पायाखाली आहे. त्याला भिंत लागत नाही, त्यात कुणाचे गाव बुडत नाही, आणि त्याचे पाणी चढावर न्यावे लागत नाही. मात्र ते भरावे लागते. उताराला आडवी पेरणी, दोन ओळींनंतर सरी, वेळेवर कोळपणी, धुऱ्याची डागडुजी, माथ्यापासून पायथ्यापर्यंत ओढ्यावर बांध. यातले काहीच नवीन नाही. आपल्या आज्याला हे ठाऊक होते.

आणि हे होते, याची उदाहरणे आहेत. जालना जिल्ह्यातले कडवंची आपल्यासारखेच कोरडवाहू गाव. १९९६ पासून तिथे पाणलोटाचे काम झाले. आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखले जाते. हिवरे बाजारला दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडले, किती आहे, यंदा कोणते पीक घ्यायचे आणि कोणते नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. जमीन कितीही असो, पाणी माणशी अर्ध्या एकरापुरते आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकरापुरते. भूमिहीनालाही वाटा. उसाला नाही. जे वाटप आपण सरकारकडे खोऱ्यासाठी मागतो, ते त्यांनी आधी आपल्या गावात करून दाखवले.

इथे एक धोका आहे, तोही सांगून ठेवतो. हे ऐकून उद्या एखादा पुढारी म्हणेल, "बघा, पाणी तुमच्या वावरातच आहे, मग धरणाचे कशाला मागता? तुमचे तुम्ही अडवा." तर त्याला सांगा, धुरा घालायला पैसा लागतो. ट्रॅक्टरला डिझेल लागते, मजुराला मजुरी लागते. तो पैसा कापसाच्या आणि ज्वारीच्या भावातून यायला हवा. कापूस विकून उधारी फिटत नाही तो माणूस बांध कुठून घालणार? पैशाचेही नदीसारखेच आहे. त्याचा उगम आपल्या वावरात, आणि त्याचे धरण शहरात. उगमावरच्या पाड्यावर जसा हंडा रिकामा, तसा आपल्या घरी डबा रिकामा. म्हणून पाण्याचा वाटा, वावरातला बांध आणि मालाचा भाव, या तीन मागण्या नाहीत, एकच आहे. जे आपल्याकडे तयार होते त्यातले काही आपल्याकडे राहिले पाहिजे.

मग पोरांना उगमाला नेऊन मिळाले काय? काही जण विचारतात, एवढ्या खर्चात एक शेततळ्याचा कागद झाला असता. आमचे म्हणणे असे आहे. आपण आपल्या पोरांना एकच शिकवतो, शीक आणि इथून निघून जा. शेतीत राम नाही, हे वाक्य त्यांनी पाळण्यात ऐकलेले असते. त्यात आपला दोष नाही, भाव नसेल तर बाप दुसरे काय सांगणार? पण जे पोर राहील, आणि काही राहणारच आहेत, त्याला आपले वावर म्हणजे नशिबाने मिळालेला कोरडा तुकडा वाटता कामा नये. ते एका मोठ्या नदीचे उगमस्थान आहे, त्यावर पडणाऱ्या पाण्याचा आणि त्यातून निघणाऱ्या पैशाचा हिशेब मागायचा त्याला हक्क आहे, हे त्याला लहानपणीच कळले पाहिजे. जे पोर एकदा पाणलोटाच्या माथ्यावर उभे राहिले, त्याला पुढे कुणी सांगू शकणार नाही की पाणी देवाच्या मर्जीने जाते. पाणी उताराने जाते, आणि बऱ्याचदा सत्तेच्या उताराने जाते.

सगळ्यांना त्र्यंबकला जाणे जमणार नाही. गरजही नाही. म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही तीन कामे ठेवतो. ती ठरावात घ्यावीत.

पहिले काम. पेरणीच्या आधी एका सकाळी प्रत्येक गावाने आपल्या पोरांना घेऊन शिवाराचा माथा गाठावा. आपल्या गावाचे पाणी कुठून निघते, कोणत्या ओढ्याने जाते, कोणत्या नदीला मिळते, वाटेत ओढा कुणी बुजवला, हे पायी चालून बघावे आणि शाळेच्या भिंतीवर नकाशा काढावा. पोरांनी काढावा, मोठ्यांनी फक्त वाटेतले वाद मिटवावेत.

दुसरे काम. प्रत्येक शाळेत पाऊस मोजावा. सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा उघड्यावर, घरापासून आणि झाडापासून लांब ठेवावा. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने मोजून वहीत लिहावे आणि डबा रिकामा करावा. सोबत गावातल्या दोन विहिरींची पाणीपातळी गाठी मारलेल्या दोरीने मोजावी, एकदा दिवाळीच्या सुमारास आणि एकदा होळीला. पावसाचा खंड किती दिवसांचा पडला हे तारखेनिशी लिहिलेले असले, की साहेबापुढे नुसते तोंडी भांडावे लागत नाही. सरकारचे मोजमाप मंडळाच्या गावी असते, आपले वावर आपल्या गावी असते.

तिसरे काम. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तो हिशेब वाचावा, आणि तो मोठ्यांनी वाचू नये, पोरांनी वाचावा. किती पडले, किती थांबले, किती गेले. आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर लिहावे, एक क्विंटल कापूस काढायला किती खर्च आला आणि तो किती भावाने गेला. दोन्ही हिशेब एका वहीत असू द्या.

पुढच्या जिल्हा मेळाव्याला या वह्या इथे या टेबलावर हव्यात. किती गावांच्या आल्या ते आम्ही मोजणार आहोत. ज्या दिवशी जिल्ह्यातल्या शंभर गावांच्या वह्या एकत्र होतील, त्या दिवशी वाटा मागायला जाताना आपल्या हातात निवेदन नसेल, हिशेब असेल. निवेदन घेऊन साहेब ते खालच्या कप्प्यात टाकतो. हिशेबाला मात्र त्याला उत्तर द्यावे लागते.

मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. डबा आजच शोधून ठेवा.